तिरकामठा काचेत, आपण कोर्टात



पावसाळा संपल्यापासून आपल्या भागात एक नवीच मागणी घेऊन माणसं फिरत आहेत. जीप पाड्यावर थांबते. दोघं-तिघं उतरतात, ओट्यावर बसतात, पाणी पितात आणि विचारतात, "जुना तिरकामठा आहे का घरात? पाग आहे का? बांबूचा मासे धरायचा सापळा? आजोबाच्या वेळचा असला तर फारच चांगलं." तालुक्याच्या गावी म्युझियम होणार आहे म्हणे. शिकार, मासेमारी आणि निसर्गरक्षण हा त्याचा विषय. वाघाचा पुतळा असेल, काचेची कपाटं असतील, शाळांच्या सहली येतील.

काही घरांनी वस्तू काढून दिल्या. एका म्हातारीने मात्र विचारलं, "नेतास खरा, पन परत कवा आणशील?" त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही.

आपल्या बैठकीत यावर चांगलाच वाद झाला. काही जण म्हणाले, एक दोरासुद्धा द्यायचा नाही. काही म्हणाले, का नाही द्यायचा? आपल्या बापजाद्यांचं कसब शहरातल्या पोरांना दिसू दे की. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून संघटना या बाबतीत काय म्हणते, ते इथे मांडत आहोत. पाड्यावर हे वाचून दाखवा आणि त्यावर बोला.

शिकार कोणाची मांडतात?

पूर्वी मंत्रालयावर मोर्चा नेला की पोलीस आपल्याला काळ्या घोड्याजवळ अडवायचे. तिथे समोरच पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आहे. मोर्चाला आलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते आत जाऊन पाहिलं आहे. प्राण्यांच्या दालनात गवा आहे, वाघ आहे, मोठा धनेश आहे, रोहित पक्षी आहेत. मागे रान रंगवलेलं, पुढे पेंढा भरलेलं जनावर. काम सुरेख आहे, नाही कशाला म्हणा.

पण त्या इमारतीचा इतिहास बघा. तिचा पाया 11 नोव्हेंबर 1905 रोजी इंग्लंडच्या युवराजाने घातला. प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे तोच. पुढे तो पंचम जॉर्ज नावाने राजा झाला. 1911 साली दिल्ली दरबारासाठी आला आणि दरबार उरकून नेपाळच्या तराईत शिकारीला गेला. त्या एका शिकारीत राजाच्या मंडळींनी 39 वाघ मारले. त्यातले 21 एकट्या राजाच्या नावावर आहेत. त्यातला एक पेंढा भरलेला वाघ इंग्लंडात एक्झेटर नावाच्या शहराच्या म्युझियममध्ये आहे. त्याला तिथे कोणी मुद्देमाल म्हणत नाही.

आपल्या देशातले राजेही मागे नव्हते. सरगुजाच्या महाराजांनी हजारावर वाघ मारले. देशातले शेवटचे म्हणून ज्यांची नोंद आहे ते तीन चित्ते कोरिया संस्थानच्या राजाने 1947 च्या सुमारास मारले. ही शिकार तिरकामठ्याची नव्हती आणि पोटासाठीही नव्हती. पुढे वाघ कमी झाले तेव्हा 1973 साली व्याघ्र प्रकल्प आला, आणि त्यात आपला मेळघाट पहिल्या नऊ जागांमध्ये होता. मेळघाटातल्या कोरकूंनी हजार वाघ मारले होते काय? पण गाव उठवायची भाषा सुरू झाली ती कोरकूंपाशी.

मुंबईच्या म्युझियमला प्राण्यांचा संग्रह मिळाला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने. ही सोसायटी 1883 साली आठ जणांनी सुरू केली. त्या काळच्या निसर्गप्रेमी साहेबांपैकी बरेच जण शिकारीही होते. आधी मारायचं, मग मोजायचं, मग नाव द्यायचं, अशी तेव्हाची पद्धत होती. हीच सोसायटी पुढे पशुपक्षी वाचवण्याच्या कामात पुढे आली. ते काम चांगलं आहे, आम्ही ते नाकारत नाही. डॉ. सलीम अलींचंच घ्या. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तो कसला म्हणून ते ती घेऊन सोसायटीत गेले. तिथल्या साहेबाने पोराला हाकललं नाही. कपाटं उघडून पक्षी दाखवले. त्या पोराचा देशातला सगळ्यात मोठा पक्षीतज्ज्ञ झाला.

आपल्याही पोराच्या हातात गलोल असते. तोही पक्ष्याचा आवाज ओळखतो, घरटं कुठे आहे ते सांगतो, कोणतं पाखरू कोणत्या झाडावर कधी येतं ते त्याला ठाऊक असतं. त्याच्यासाठी कपाट कोण उघडतं? त्याला गार्डाची थप्पड मिळते आणि शाळेत मास्तर म्हणतो, रानातच फिर जा. शिकारी मुलाचा निसर्गरक्षक होऊ शकतो हे सलीम अलींनी दाखवून दिलं. आमचं म्हणणं एवढंच, की तो रस्ता आपल्या पोरांनाही मोकळा असावा.

हाकारे कुठे गेले?

साहेब मचाणावर बसायचा. जनावर त्याच्या पुढ्यात आपोआप येत नव्हतं. शे-दोनशे माणसं रान उठवत, डबे बडवत, ओरडत जात, तेव्हा वाघ त्या बाजूला जायचा. ही माणसं कोण? गावागावातून वेठीला धरलेले आपल्यासारखेच आदिवासी आणि गरीब कुळं. माग काढणारा आपला, पाणवठा दाखवणारा आपला, बिथरलेलं जनावर उलटलं तर पहिला सापडणारा आपला. आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात 1945 साली वारली उठले ते या वेठबिगारीच्या विरोधातच.

भिंतीवरच्या शिंगांखाली पाटी असते. तिच्यावर साहेबाचं नाव, साल, जागा, कधी बंदुकीचं नावसुद्धा. हाकाऱ्यांची नावं आम्ही अजून कुठल्या पाटीवर वाचली नाहीत. शिकारीचं म्युझियम करायचं असेल तर हाक्यापासून सुरुवात करा.

पॅरिसपर्यंत गेलेलं जाळं

फ्रान्स देशात पॅरिस शहरात एक म्युझियम आहे. त्याचं नावच शिकार आणि निसर्ग म्युझियम. फ्रांस्वा सोमेर नावाच्या एका धनिक शिकाऱ्याने ते उभं केलं आणि 1967 साली एका जुन्या वाड्यात ते उघडलं. जर्मनीत म्युनिक शहरातही शिकार आणि मासेमारी यांचं म्युझियम आहे, तेही एका जुन्या चर्चमध्ये. म्हणजे तिकडे शिकार करणारा माणूस निसर्ग राखणाराही असू शकतो, हे उघड मानतात. शिकारीला परवाना आहे, हंगाम आहे, किती मारायचं त्याची मर्यादा आहे, आणि वर त्याचं म्युझियमही आहे.

त्याच पॅरिसमध्ये 1989 साली जगभरच्या कलाकारांचं एक मोठं प्रदर्शन झालं. त्यात आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं होती. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. त्यांच्या चित्रांतलं मासे धरायचं जाळं जगात नावाजलेलं आहे. पांढऱ्या बारीक रेषांनी विणलेलं, अख्खं कापड भरून टाकणारं जाळं. आपला माणूस तिथवर पोचला याचा आपल्याला अभिमानच आहे.

पण चित्रातलं जाळं पॅरिसला जातं, आणि खरं जाळं घेऊन आपली बाई ओढ्यावर गेली तर तिला विचारतात, कोणाच्या परवानगीने? चित्र टांगायला भिंत मिळते. जाळं टाकायला पाणी मिळत नाही. धरणाच्या पाण्यावर मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराचा आणि अभयारण्यात तर पाण्यात हात घालायची बंदी.

एकच वस्तू, दोन नावं

आता कायद्याकडे या. 1927 चा वन कायदा इंग्रजांचा आहे. त्याच्या 26 व्या कलमात राखीव जंगलातल्या गुन्ह्यांची यादी दिली आहे. नियमाविरुद्ध शिकार करणं, मासे मारणं, पाण्यात विष कालवणं, फासे आणि सापळे लावणं, सगळं त्या एका ओळीत आहे. मूळ कायद्यात शिक्षा सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड. म्हणजे आपल्या आजोबाचा सगळा दिवस त्या एका ओळीत गुन्हा ठरला. मात्र परवाना असलेल्या साहेबाला तीच शिकार मोकळी होती.

स्वातंत्र्य आल्यावरही परवाना पद्धत चालू राहिली. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. साहेब आणि राजे यांची हौस तोपर्यंत फिटून गेली होती, त्यांची शिंगं भिंतीवर लागून झाली होती. बंदी आली ती आपल्याच वाट्याला. 2022 च्या दुरुस्तीपर्यंत त्या कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राणी होते, ते मारले तर गुन्हा नव्हता. त्यात कावळा होता, फळं खाणारं वटवाघूळ होतं, उंदीर होता. कातकरी बांधव शेताच्या बांधातले उंदीर खणून काढतात, म्हणून त्यांना लोक हिणवतात. सरकारने आपल्यासाठी राखून ठेवलं ते नेमकं तेच.

जंगलखात्याच्या पंचनाम्यात तिरकामठ्याला मुद्देमाल म्हणतात. म्युझियमच्या कपाटात त्यालाच वारसा म्हणतात. कोयता पंचनाम्यात गेला की परत मिळत नाही, वर्ष वर्ष तारखा पडतात, जामिनाला दागिना मोडावा लागतो. तीच वस्तू कपाटात गेली की पोरं रांगेने बघतात. वस्तूला मान आहे आणि ती वापरणाऱ्या माणसाला हातकडी आहे, हा कसला न्याय?

पाटी खरी की पावती?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. पुण्यात सरकारच्या आदिवासी संशोधन संस्थेचं म्युझियम आहे. आपल्यासारख्या सगळ्या जमातींच्या वस्तू तिथे आहेत. अशा ठिकाणच्या माहितीचा सूर एकच असतो: हे लोक पूर्वापार रानात राहतात, शिकार, मासेमारी, कंदमुळं आणि फिरती शेती यांवर जगत आले आहेत. बरोबर आहे. आम्हीही तेच म्हणतो. सरकारनेच ते छापलं आहे.

मग 2006 चा वनहक्क कायदा येईपर्यंत जमिनीच्या दाव्याच्या वेळी काय व्हायचं? तिथे विचारायचे, 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीपासून तू ही जमीन कसतोस याला पुरावा काय? दंडाची पावती आहे का? ज्याच्या बापाला गार्डाने पावती न देता कोंबडी आणि पायली नेली, त्याच्याकडे पावती कुठून येणार? म्हणजे एका सरकारी खोलीत आपण 'पूर्वापार' होतो आणि दुसऱ्या सरकारी खोलीत आपण 'अतिक्रमणदार' होतो. दोन्ही खोल्या एकाच सरकारच्या. पाटी लिहिणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. आपल्याला मात्र पाटी चालत नव्हती, पावतीच लागायची.

म्युझियमला आमचा विरोध आहे तो इथे. 'हे लोक असे जगत होते' असं तिथे लिहिणार. 'होते' हा शब्द नीट ऐका. आपण मेलो नाही. वलगणीला मासे चढतात तेव्हा आजही अख्खा पाडा ओढ्यावर असतो. चढणीचे मासे, मुठे, पहिल्या पावसातल्या रानभाज्या यांवर आषाढातले भुकेचे दिवस आजही निघतात. जी गोष्ट आज चुलीवर शिजते तिला जुनी म्हणून कपाटात टाकली, की उद्या म्हणायला मोकळे: यांना आता जंगलाची गरज काय?

निसर्गरक्षण आपण कशाला म्हणतो

आपल्या गावाच्या शिवेवर वाघदेव आहे. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. वाघबारसेला त्याची पूजा होते. ज्याच्याशी रोज गाठ पडते, जो आपलं गुरू नेतो, त्यालाच आपण देव केला. महादेव कोळ्यांच्या गावांत देवराया आहेत, त्यातली काठीसुद्धा कोणी मोडत नाही. महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही, त्यांना खायला घालतात. ताडोबाच्या जंगलाला नाव मिळालं ते गोंडांच्या देवावरून, आणि 1955 साली तिथे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. जिथे देव होता तिथेच वाघ शिल्लक होता, ही गोष्ट जंगलखात्याच्याही लक्षात आली असणार.

म्हणून आपण शिकार सर्रास खुली करा असं म्हणत नाही. हे स्पष्ट असू द्या. काही पाड्यांत पोरं डोहात जिलेटीन फोडतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यात पिल्लू, अंडं, खेकडा काहीच राहत नाही. रात्री बॅटरी लावून ससे मारून हायवेवरच्या हॉटेलला विकणारेही आहेत. ही आपल्या वाडवडिलांची शिकार नव्हे. वाडवडील गेळाचं फळ कुटून पाण्यात टाकायचे, मासा गुंगून वर यायचा, आणि वाहत्या पाण्याने त्याचा असर निघून जायचा. जिलेटीन, पावडर आणि विकण्यासाठीची शिकार ग्रामसभेने बंद केली पाहिजे, आणि दंड ग्रामसभेनेच लावला पाहिजे. हे काम आपणच केलं नाही तर ते करायला गार्ड येईल आणि आपल्यालाच चोर ठरवेल.

पण हिशोब दोन्ही बाजूंनी करा. कारखान्याच्या रसायनाने नदीचे मासे मरून तरंगतात तेव्हा 26 वं कलम कुठे जातं? पाण्यात विष कालवणं गुन्हा आहे ना?

अधिकार दिला तर लोक राखतात की संपवतात, असं शहरातले लोक विचारतात. मध्य प्रदेशात तवा धरणाने उठवलेल्या आदिवासींनी लढा दिला, आणि 1996 च्या अखेरीस त्या जलाशयातल्या मासेमारीचा हक्क त्यांच्या सहकारी संघाला मिळाला. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात 305 विस्थापित कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले होते. त्याविरुद्ध पर्यावरणवाले सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने 1997 साली अटी घातल्या, पण परवाने काढून घेतले नाहीत. म्हणजे मासेमारी आणि निसर्गरक्षण एका पाण्यात बसू शकतात, हे कोर्टालाही मान्य करावं लागलं.

आणि 1996 च्या पेसा कायद्यात काय लिहिलं आहे? लोकांच्या रूढी-परंपरा, त्यांची सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचं जतन करायला ग्रामसभा समर्थ आहे. संस्कृती आणि साधनसंपत्ती दोन्ही एकाच वाक्यात आहेत. म्युझियमवाले त्या वाक्यातली संस्कृती उचलतात आणि साधनसंपत्ती जंगलखात्याकडे ठेवतात. तिरकामठा उचलला आणि रान ठेवलं. पाग उचलला आणि ओढा ठेवला.

मग वस्तू द्यायच्या की नाही?

आमचं मत असं आहे की सरसकट नकार देऊ नये. नकार दिला तर ते बाजारातून काहीतरी विकत आणतील आणि आपल्या नावाने मांडतील. द्यायचं ते आपल्या अटींवर द्यावं. प्रत्येक ग्रामसभेने खालील मुद्द्यांवर ठराव करावा.

1) कोणतीही वस्तू ग्रामसभेच्या ठरावाशिवाय जाणार नाही. वस्तू उसनी जाईल, मालकी घराची राहील, आणि मागितली की परत मिळेल.

2) वस्तू नेणाऱ्या अधिकाऱ्याने सही-शिक्क्याची पावती द्यावी. त्या पावतीत लिहावं, की ही वस्तू अमक्या पाड्यातल्या अमक्या कुटुंबाची असून ते कुटुंब इतक्या पिढ्या अमक्या रानात आणि ओढ्यावर ती वापरत आले आहे. रानाचं आणि ओढ्याचं नाव आपल्या बोलीतलं लिहावं. ही पावती आपण जमिनीच्या दाव्याला जोडणार आहोत. आजवर आपल्याला पावती मागत आले. आता पहिल्यांदा आपण मागू.

3) पाटीवर 'पूर्वी' आणि 'होते' चालणार नाही. बनवणाऱ्याचं नाव, पाडा आणि आज ती वस्तू कशी वापरतात ते लिहावं. त्या वस्तूवरून कोणावर केस झाली असेल तर तेही लिहावं.

4) हाकाऱ्यांची आणि वेठबिगारीची माहिती म्युझियममध्ये हवी. ज्या म्हाताऱ्यांनी हे सोसलं ते अजून आहेत. त्यांचं ऐकून लिहा.

5) आपल्या भागातले जमिनीचे प्रलंबित दावे आधी निकाली काढा. निदान म्युझियम उघडायच्या दिवसापर्यंत काढा.

यातली दुसरी अट सगळ्यात पक्की धरा. बाकीच्यांवर बोलणी होऊ शकतात, पावतीवर नाही. जो अधिकारी पाटीवर 'पूर्वापार' लिहायला तयार आहे त्याने तेच पावतीवर लिहून सही करायला काय हरकत आहे? तो सही करायला कचरला तर समजा, की पाटीवरचं त्यालाही खरं वाटत नाही, आणि मग तिरकामठा घरातच राहू द्या.

आणखी एक काम म्युझियमची वाट न बघता करायचं आहे. प्रत्येक पाड्याने एक वही घालावी. आपल्या ओढ्यांची, डोहांची, टेकड्यांची नावं, त्यात कोणते मासे, कोणतं जनावर, कोणता कंद, कोणत्या महिन्यात काय मिळतं, काय धरायचं नाही, देवाचं रान कुठपर्यंत, हे सगळं म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावं. शाळेत जाणाऱ्या पोरांनी लिहावं, बायांनी सांगावं, कारण मासे आणि भाज्यांचं जास्त त्यांनाच ठाऊक आहे. वही ग्रामसभेत वाचून तिच्यावर सगळ्यांचे अंगठे-सह्या घ्याव्यात. एक प्रत संघटनेकडे पाठवावी. पुढच्या अमावास्येच्या बैठकीपर्यंत निदान दहा पाड्यांच्या वह्या आल्या पाहिजेत.

जमीन आमच्या हक्काची!
जंगल, पाणी गावाचं!